कोरडा नांगर

गणपती गेले, भाद्रपदातलं ऊन चटका द्यायला लागलं आणि गेल्या आठवड्यात एका सकाळी अंगणातल्या तारेवर माझ्या साडीशेजारी होडीचा दोर वाळत घातलेला दिसला. निळा नायलॉनचा दोर, पावसाळाभर माळ्यावर पडून कुबट वास धरलेला. मी साडी तेवढी उचलून दुसऱ्या टोकाला नेऊन घातली. आमचे हे ओट्यावर वर्तमानपत्र वाचत होते, म्हणजे वर्तमानपत्राच्या कडेवरून माझ्याकडे बघत होते. जरा वेळाने खाकरून म्हणाले, "रविवारी कामणला जाऊ या. होडीला नवा नांगर बघायचाय."

जुन्याला काय झालं, हा प्रश्न माझ्या जिभेवर आला आणि मी तो तिथेच गिळला. जुना नांगर न्हाणीच्या मागे भिंतीला टेकून उभा आहे. त्याला काय झालंय हे मला चांगलं ठाऊक आहे. काहीही झालेलं नाही. धडधाकट वस्तू बदलायला माणूस आपणहून निघतो, वर माझ्यासारखीला सोबत घेतो, म्हणजे पाणी कुठेतरी मुरतंय.

मी संशयी आहे हे आमच्या निर्मळमध्ये कोणालाही विचारा. केळीचा घड तोलताना व्यापाऱ्याचा दुसरा हात कुठे आहे ते मी बघते. पावसामुळे उशीर झाला असं दूधवाला म्हणाला की त्याची छत्री ओली आहे का ते बघते. विरारला फ्लॅटमध्ये राहणारी आमची मुलगी म्हणते, "आई, तू पोलिसात जायला हवं होतंस." मला त्यात टोमणा दिसत नाही. वाडी सांभाळणाऱ्या बाईला संशय घ्यावाच लागतो. पान वरून हिरवंगारच असतं. कीड बघायची तर ते उलटं करावं लागतं.

एक सांगून ठेवते. घरात आम्ही दोघं वाडीतल्या बोलीतच बोलतो. इथे ती सरळ करून लिहिते आहे, कारण तिच्यातल्या शिव्या प्रेमाच्या असतात हे वाचणाऱ्याला पटायचं नाही.

हा मोसम आमच्याकडे मुळातच फसवा. पाऊस गेला म्हणावं तर दिवस कलताना गडगडायला लागतं. वाडीतली गोड्या पाण्याची तळी, ज्यांना आम्ही बावखलं म्हणतो, ती तुडुंब असतात आणि त्यांच्यावर हिरवी साय धरते. कोंबडीच्या पिल्लांना ती जमीनच वाटते. कापून टाकलेल्या केळीच्या बुंध्यांना आंबूस वास सुटतो. झेंडूला दसऱ्याच्या कळ्या धरलेल्या असतात, पण त्यातल्या किती दसऱ्याला उमलतील आणि किती आधीच उमलून आपल्याला हसतील, काही सांगता येत नाही. आणि तिकडे विरारच्या पलीकडे वैतरणेचं पाणी निवळत जातं. लाल पाणी आधी तपकिरी होतं, मग एके दिवशी हिरवट दिसायला लागतं. ते हिरवट झाल्याची बातमी यांना कोण देतं ते मला अजून कळलेलं नाही. पण यंदा यांची बोटं आधी वळवळायला लागली, मग दोर माळ्यावरून खाली आला.

आम्हा वाडीवाल्यांचं पाणी म्हणजे विहिरीतलं. काल जिथे होतं तिथेच आज सापडणारं. नदी मला कधी पटली नाही, वैतरणा तर मुळीच नाही. सकाळी ती समुद्राकडे पळत असते आणि दुपारी भरती लागली की काही विसरल्यासारखी परत डोंगराकडे निघते. जिचं तोंड कुठल्या बाजूला आहे हे सहा तासांच्या वर ठरत नाही, तिच्यावर भरवसा काय ठेवायचा? त्यात नाव असलं. मेल्यावर जी ओलांडायची असते तिचंही नाव जवळपास हेच.

पण मागच्या वर्षीच्या या मोसमात मी त्या नदीचा जेवढा विचार केला तेवढा वाडीचाही केला नाही.

दोन वर्षांपूर्वी, मार्गशीर्षातल्या एका सकाळी, यांच्या डाव्या हातातून चहाची बशी सुटली. बशी फुटली आणि हे तिच्याकडे बघतच राहिले, दुसऱ्याच कोणाच्या तरी हातातून ती पडली असावी तसे. डॉक्टर म्हणाले, झटका लहान आहे, वेळेत आणलंत. पाय सुधारला, बोलणं सुधारलं, स्कूटर चालवायची परवानगीही मिळाली. डावा हात मात्र अर्ध्या वाटेवर थांबला. बोटं मिटत होती, पण मिटलेली राहत नव्हती. हे यांनी मला कधी सांगितलं नाही. मी ते बघितलं. शर्टाचं बटण असो, दाराची कडी असो, उजवा हात धावून यायचा आणि डावा नुसता सोबतीला उभा. विचारलं की म्हणायचे, "बरा आहे." सात-आठ महिने हे ओट्यावर बसून केळीच्या बागेकडे बघत राहिले. न हसता, न चिडता. ते न चिडणंच मला सहन होत नव्हतं.

मग हरेश्वर आला. हा यांचा शाळेतला मित्र, वैतरणेच्या काठी राहणारा, पिढीजात मासेमारी करणारा. दाराशी चपला काढतानाच म्हणाला, "वयनी, याला नदीवर न्यायला आलोय. पानी बघितलं की मानूस बरा व्हतो." मी मनात म्हटलं, पाणी बघून माणूस बरा होत असता तर बावखल काय वाईट होतं? पण त्या दिवशी हे परत आले ते शीळ घालत. महिन्याभरात हरेश्वरच्या चुलतभावाची जुनी, लहानशी फायबरची होडी आमची झाली. काठाकाठाने जायचं, गळ टाकून बसायचं, उतरत्या उन्हात परत यायचं, एवढाच बेत. मी म्हटलं, हरेश्वरला सोबत घ्या. हे म्हणाले, "नको. कोणी सोबत असलं की मी पेशंट होतो."

माझ्या मनात होती फक्त भीती. होडीत एकटा माणूस, त्याचा एक हात अर्धा, आणि खालून ओढणारं ओहोटीचं पाणी. नांगर धरला तर हा माणूस घरी येणार. नांगर सुटला तर एका हाताने वल्हं मारून उलट्या पाण्यातून परतणं शक्य नव्हतं. आणि नको म्हटलं असतं तर तो पुन्हा ओट्यावर जाऊन बसला असता, न चिडता. माझा सगळा जीव तेव्हापासून लोखंडाच्या एका तुकड्यात अडकला, तोही अजून विकत घ्यायचा होता.

पहिला नांगर आम्ही बाजारातल्या हार्डवेअरच्या दुकानात घेतला. चार वाकड्या नख्यांसारख्या आकड्यांचा, चकचकीत, छत्रीसारखा मिटणारा. दुकानदार म्हणाला, "आंटी, फर्स्ट क्लास चीज है, फोल्डिंग है." माझा संशय तिथेच जागा झाला. जी वस्तू मिटते ती नको तेव्हाही मिटते. पण हलका होता, यांनी तो डाव्या हाताने उचलून दाखवला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघून मी तो घ्यायचं ठरवलं. मग दुकानदाराने दोराचं भेंडोळं काढलं. मी विचारलं, "नदी खोल किती?" हे म्हणाले, भरतीला तीनेक वाव, म्हणजे दोन्ही हात पसरून तीनदा मोजावं एवढं. मी म्हटलं, "मग चार वाव दोर पुष्कळ झाला."

"आंटी, रस्सी लंबी लेनी पड़ती है," दुकानदार म्हणाला.

त्याला दोर खपवायचा आहे हे न कळायला मी काय काल जन्मले होते? आमच्या वाडीत विहिरीचा दोर विहिरीएवढाच असतो. पोहरा पाण्याला टेकल्यावर हातात वावभर उरला की झालं. जास्तीचा दोर पायात अडकतो, ओलाव्यात कुजतो. माझ्या सासूबाई तर लांब दोरावरून त्या घरातली बाई कशी आहे ते सांगायच्या. मी दुकानातच दोर पसरून मोजला, तिथल्याच सुरीने चार वावांवर कापला आणि विजयी मुद्रेने बाहेर पडले. येताना स्कूटरवर मी बोलत होते, दुकानदार कसे गळ्यात बांधतात त्यावर.

पहिल्या दिवशी हे परत आले तेव्हा कमरेपर्यंत भिजलेले होते आणि स्कूटर हरेश्वर चालवत होता. "नांगर हलका निघाला," हे म्हणाले, "चिखलात धरला नाही. होडी जराशी सरकली. हरेश्वर होताच." इतकं सहज म्हणाले की मला ते पाठ केल्यासारखं वाटलं. न्हाणीत गेले ते बराच वेळ बाहेर आले नाहीत. मी हरेश्वरपुढे चहा ठेवला आणि विचारलं, "काय झालं नक्की?" तो कपात बघत म्हणाला, "व्हय वयनी. नांगर हलका व्हता." चहा एवढा निरखून पिण्याजोगा नव्हता. दोघांच्या तोंडात एकच वाक्य, म्हणजे ते वाटेत ठरलेलं आहे. दारूचा वास येतो का म्हणून मी जवळ जाऊनही पाहिलं. चिखलाशिवाय कसलाच वास आला नाही.

चिखलाचा तो वास अजून नाकात आहे. तळातला चिखल काळा असतो, निळसर झाक असलेला, आणि त्याला कुजक्या अंड्याचा वास येतो. नांगराच्या सांध्यांमध्ये तो बसला होता. मी तो काडीने कोरून काढला, नांगर पुसून पिशवीत घातला आणि दुकान गाठलं. दुकानदाराने नांगर उघडून-मिटून बघितला आणि विचारलं, "आंटी, रस्सी कितनी छोड़ी थी?" विषय कसा बदलतो बघा, मला वाटलं. मी त्याला असं काही सुनावलं की दुकानातलं गिऱ्हाईक बाहेर जाऊन उभं राहिलं.

दुसऱ्या नांगरासाठी कामणच्या रस्त्याला गेलो. तिथे गोदामांच्या रांगेत एक वेल्डर आहे. तो फाटकं आणि खिडक्यांच्या जाळ्या बनवतो, आणि काठावरच्या लोकांसाठी नांगरही. शेडमध्ये जळक्या लोखंडाचा वास, बाहेर ट्रकांची धूळ. त्याने आधी तळ कसला आहे ते विचारलं. चिखल म्हटल्यावर मान हलवून म्हणाला, "मग चार आकडे कामाचे नाहीत. आमटीत काटा फिरवल्यासारखं होतं. रुंद पात्याचा घ्या, तो चिखलात रुततो. आणि पुढे हातभर साखळी लावा." माणूस बरा वाटला. म्हणजे माझा संशय जरा मागे सरला एवढंच.

त्याच्याकडे तीन तयार होते. सर्वांत जड होता त्याच्यावर माझी नजर बसली. हलक्याने दगा दिला होता ना? मग जडच घ्यायचा. हे त्या नांगराकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले. मी म्हटलं, "उचलून बघा." यांनी उचलला. उजव्या हाताने. डावा हात नुसता खाली लावलेला होता. मी तो बघितला. वाऱ्याने हललेलं पान माझ्या नजरेतून सुटत नाही, मग हे कसं सुटेल? पण मला तो जड नांगर हवा होता. म्हणून जे दिसलं ते दिसलं नाही असं मी ठरवलं. आयुष्यभर नको तिथे संशय घेतला, आणि हवा तिथे विश्वास ठेवून मोकळी झाले.

दोर मात्र या वेळी हरेश्वरने दिला, हाच निळा. मी तो अंगणात मोजला. पंधरा वाव! "एवढा कशाला?" मी विचारलं. "असू दे, त्याच्याकडे पडून होता," हे म्हणाले आणि दुसरीकडे बघायला लागले.

मग मोसम सुरू झाला. एक दिवसाआड दुपारी हे स्कूटरच्या पायाशी नांगर ठेवून निघायचे. होडीत ठेवला तर भंगारवाले उचलतात, म्हणून तो रोज घरी यायचा. पहिल्या दिवशी तो काळ्या चिखलाने भरलेला आला आणि मी खुशीत धुतला. त्यानंतर तो स्वच्छ यायला लागला. पात्यावरचा रंग जसाच्या तसा. साखळीच्या कड्यांमध्ये मी तेल सोडलं होतं, ते तेलसुद्धा जागच्या जागी. पाण्यात गेलेलं लोखंड असं नसतं. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? नांगर पाण्यात जात नव्हता.

मग हे कुठे जात होते?

मी मासे तपासायला लागले. बोय असायची, कधी शिंगाळी, एकदा दोन चिंबोऱ्या. कल्ले लालभडक, बर्फाचा मागमूस नाही. बाजारातला मासा मी नजरेनेच ओळखते, आणि हा बाजारातला नव्हता. हे विकत घेत नव्हते आणि पकडतही नव्हते, मग हे मासे येत कुठून होते? पत्त्यांचा अड्डा, दारू, आणखीही काय काय मनात आलं, सगळं इथे लिहीत नाही. जेवताना हे मला नदीच्या गोष्टी सांगायचे. पाणी कसं वळतं, होडी नांगराभोवती कशी फिरते. रंगवून सांगायचे. त्यात आनंदही होता, आणि तोच मला खोटा वाटत होता. मी भाताचा घास गिळायचे आणि न्हाणीमागच्या त्या कोरड्या नांगराचा विचार करायचे.

आश्विनातल्या एका दुपारी मुलीकडे जाते म्हणून निघाले आणि विरारहून रिक्षा करून सरळ काठावर उतरले. भरती लागलेली होती. तिवरांच्या मुळांत पाणी चुळूकचुळूक वाजत होतं आणि खेकडे बिळांकडे पळत होते. मी झाडाच्या आड उभी राहिले. नवऱ्यावर पाळत ठेवायला साठी उलटलेली बाई चिखलात उभी, याची लाज वाटत होती, पण तिथून हलावंसंही वाटत नव्हतं.

होडी दिसली. काठापासून वीस-पंचवीस पावलांवर असेल. हे तिच्यात एकटेच बसले होते, उजव्या हातात गळ, डावा मांडीवर. नांगर पुढच्या टोकाला आडवा पडलेला, उन्हात चमकत होता. निळा दोर पाण्यात खाली जात नव्हता. तो पाण्यावरून सरळ काठाकडे आला होता आणि चिखलात रोवलेल्या एका जाड खुंटाला बांधलेला होता. दाव्याला बांधलेल्या वासराला असते तेवढीच त्या होडीला मोकळीक होती.

"वयनी, तुमी हितं?" मागून हरेश्वर आला. त्याच्या खांद्यावर ओलं जाळं होतं.

"हे काय चाललंय?"

"बसलाय. बसू द्या."

"नांगर का टाकला नाही?"

त्याने जाळं खाली ठेवलं. बोलावं की नाही याचा विचार त्याच्या चेहऱ्यावर दिसत होता. मग म्हणाला, "तुमचा पैला नांगर व्हता ना, आकड्यांचा, तो चिखलाला बराबर नवता, ही गोष्ट खरी. पन होडी गेली ती दोरामुळं. दोर तोकडा व्हता. भरतीचं पानी चढलं, दोर उभा ताठ झाला आन नांगर तळातनं उचलला. दोर लांब लागतो, वयनी. आडवा पडला पायजे, तवा नांगर रुततो. कोनीतरी विहिरीचा दोर कापावा तसा कापलेला."

"मग मला नांगर हलका म्हणून का सांगितलंत?"

"त्यानंच सांगायला लावलं. बोल्ला, दोर तिनं कापलाय. तिला कळलं तर जेवनार नाय."

 हरेश्वर नदीकडे बघत पुढे बोलत राहिला. "म्हनून तुमी जड नांगर घेतला. तो यानं पैल्या दिशी टाकला. चांगला रुतला. पन काढताना... डाव्या हातातनं दोर सुटत व्हता. तीनदा ओढला, तीनदा गेला. मी होडी घेऊन गेलो तवा खाली बसलेला. रडत व्हता असं मी कोनाला बोलनार नाय. मग मी बोल्लो, माझा खुंट बारा महिने रोवलेला हाय, त्याला बांध. हितं काठाला मासा लागत नाय. माझ्या जाळ्यातलं दोन देतो त्याला."

मी यांना हाक मारली नाही. हे पाण्याकडे बघत होते, आणि काठावरच्या त्या बांधलेल्या होडीतसुद्धा त्यांचा चेहरा ओट्यावरचा नव्हता. मी आले तशी परतले. रडू आलं नाही, राग आला. आधी हरेश्वरचा आला, मग यांचा. रिक्षात बसल्यावर माझा आला आणि तो घरापर्यंत पुरला. तोकडा दोर मी कापला, त्यात हा माणूस बुडायचा राहिला. मला वाईट वाटू नये म्हणून याने दोष नांगरावर घातला. म्हणून मी जड नांगर घेतला आणि तो याला उचलेना. सगळ्यांवर संशय घेणाऱ्या बाईने एकदाही स्वतःवर संशय घेतला नव्हता.

सांगून टाकायला हवं होतं. नाही सांगितलं. वाटलं, आपणहून सांगतील. म्हणून एकदा भाजी निवडताना सहज बोलून गेले, "नांगर अजून नव्यासारखाच आहे हो." यांनी वर पाहिलं नाही. पण दुसऱ्याच खेपेला नांगराच्या दोन्ही पात्यांना चिखल होता. तांबूस, आणि त्यात तिवराच्या पानाचा एक तुकडा. काठावरचा चिखल. हाताने थापलेला. पात्याच्या कडेला बोटांचे ठसेसुद्धा होते, उजव्या हाताचे. मी नारळाची सोडणं घेऊन बसले आणि तो धुऊन काढला. हे दारात उभे राहून बघत होते. त्यानंतर मोसमभर हेच चाललं. हे थापून आणायचे, मी धुवायची. बोललो कोणीच नाही. जेवताना नदीच्या गोष्टी तशाच चालू होत्या आणि मी "हो का?" म्हणत होते. खरं सांगायचं तर त्या गोष्टींची मी वाटही बघायला लागले होते. पावसाळा आला, होडी हरेश्वरच्या अंगणात पालथी पडली आणि नांगर न्हाणीमागे गेला.

तर, काल रविवार होता. आम्ही कामणला गेलो. वाटभर मी मागे बसून तर्क करत होते. न वापरलेला नांगर बदलायचा कशाला? हलका घेऊन पुन्हा एकटेच आत जायचा बेत असणार. हरेश्वरने खुंटाला बांधायला नाही म्हटलं असेल. की मुलीने मनात काही भरवलं? यांच्या पाठीकडे बघून काही कळत नव्हतं. शेडशी पोचल्यावर मी ठरवलं, या वेळी डाव्या हातावरून नजर काढायची नाही, आणि जे दिसेल ते तिथेच बोलून दाखवायचं.

पण हे नांगरांकडे गेलेच नाहीत. दाराजवळच्या स्टुलावर बसले. डावा हात मांडीवर उताणा ठेवला. एरवी परक्यासमोर तो खिशात असतो. वेल्डर म्हणाला, "बोला काका, केवढा दाखवू?"

हे म्हणाले, "हिच्या हाताला झेपेल असा दाखवा. ओढणार ही आहे. माझ्याच्याने होत नाही."

दोन वर्षांत हे वाक्य मी डॉक्टरसमोर ऐकलं नव्हतं, घरात ऐकलं नव्हतं. वेल्डर माझ्याकडे बघायला लागला. मी यांच्याकडे.

"मला कोणी विचारलं?" मी म्हटलं.

"विचारतोय ना आता."

"मला नाही ती नदी आवडत."

"माहीत आहे."

"आणि मला पोहता येत नाही."

"मलाही आता येत नाही," हे म्हणाले. "म्हणून तर नांगर तू बघून घे. माझं काय, मी कसलाही घेईन."

बाहेरून एक ट्रक गेला आणि धूळ आत आली. मी हातातली पिशवी यांच्या मांडीवर ठेवली, त्या उताण्या हाताशेजारी, आणि यांनी ती डाव्या हाताने धरली. बोटं सुटत होती, पुन्हा मिटत होती. मी आत जाऊन सर्वांत जवळचा नांगर दोन्ही हातांनी उचलला. मग त्याच्या शेजारचा, जरा जड, तोही उचलून पाहिला. पात्यांचे सांधे नखाने खरवडून पाहिले. वेल्डरला म्हटलं, "हा टाका बाजूला. आणखी आहेत का, ते दाखवा."